चार वाजता दादा टीव्हीवर

आमचा दादा रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीवर येणार हे मावशीला बुधवारी सकाळी साडेआठला कळलं, आणि नऊच्या आत ते सगळ्या गल्लीला कळलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट होती. सैनिकांचं लढाईतलं रोजचं आयुष्य, काही लोकांनी आघाडीवर पाच महिने राहून काढलेला माहितीपट, आणि शेजारी फोटो. फोटोत एक सैनिक लाकडी पेटीवर बसून पत्र्याच्या मगातून काहीतरी पितोय आणि हसतोय. तो आमचा दादा. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. मावशी वाकून खालून आत शिरली, वर्तमानपत्र काउंटरवर आपटलं आणि ओरडली, "अगं, आपला पोरगा सिनेमात!"

"सिनेमा नाही, माहितीपट," बाबा म्हणाले.

"फोटो छापलाय की नाही? मग झालं तर!"

आईने हातातली सोल्डरची कांडी खाली ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फोटो बराच वेळ बघितला. "किती बारीक झालाय," ती म्हणाली. दादा तिच्यासमोर उभा राहून पावाला लोणी लावत होता, तिसऱ्या पावाला.

"आई, मी इथे आहे," तो म्हणाला.

"तेव्हाचं म्हणतेय मी."

आम्ही टीव्ही दुरुस्त करणारी माणसं. खाली दुकान, मागच्या बाजूला घर. बिघाड कुठे आहे हे बाबा शोधतात. नुसता आवाज ऐकून सांगतात, आणि दहातून नऊदा बरोबर सांगतात. सोल्डर करायचं काम आईचं. तिच्यासारखा हात आजूबाजूच्या चार बाजारांत नाही. तिने जोडलेला सांधा मुळातलाच वाटतो आणि तिने सोडवलेला सांधा बघितला तर तिथे कधी काही जोडलेलं होतं असंही वाटत नाही. मी काउंटरवर बसते, रिमोट आणि केबली बघते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते. दादाला यातलं काही म्हणता काही जमलं नाही. त्याच्या हातात पेचकस दिला की स्क्रू हरवायचे. शेवटी तो सैन्यात गेला, तीन वर्षं राहिला आणि दोन महिन्यांपूर्वी सुटून परत आला. सध्या लोकांचे टीव्ही उचलून आणतो आणि उचलून पोचवतो.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. दादा निघाला त्या दिवशी आईने त्याला दारात अडवलं होतं. "पुढे जाऊ नकोस, मागे राहा. माझ्या गळ्याची शपथ घे," म्हणाली. त्यानेही बापड्याने घेतली. सैन्यात शपथा विचारत नाहीत. चौथ्या महिन्यात त्याला थेट आघाडीवर पाठवलं आणि तिथून तो दीड वर्ष हलला नाही. घरी मात्र त्याने पत्रं लिहिली ती भांडारातून. मी भांडारात आहे, मोजे मोजतो. या आठवड्यात बुटांचं खोकं आलं, त्यात अकरा बूट डाव्याच पायाचे निघाले, साहेब बोंबलतायत. आई ही पत्रं गिऱ्हाइकांना वाचून दाखवायची. टीव्ही न्यायला आलेल्या माणसाला डाव्या पायाचे अकरा बूट ऐकल्याशिवाय टीव्ही मिळत नसे.

खरं काय ते परत आल्यावर त्याने एकट्या मला सांगितलं. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. आईला कळता कामा नये. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि तिच्या गळ्याची शपथ मोडली म्हणून दादा आधीच अर्धा झाला होता. अन् आता तीच गोष्ट टीव्हीवर, दुपारी चारला, घरात बसून, चहाबरोबर!

मावशी गेल्यावर दादाने मला बिघडलेल्या टीव्हींच्या ढिगामागे ओढलं. तोंडातला पाव गिळायचंही त्याला सुचत नव्हतं.

"काहीतरी कर."

"काय करू?"

"आपला टीव्ही बंद पाड."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी टीव्ही बिघडवायला सांगत होतं. खरं सांगते, मला दादाची दया यायला हवी होती, पण आधी गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं दुरुस्ती, दुरुस्ती, दुरुस्ती! "झालं म्हणून समज," मी म्हणाले.

तीन दिवस मावशीने घर डोक्यावर घेतलं. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांच्या दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या तिने मागून आणल्या. खुर्च्यांबरोबर डॉक्टरही येणार हे त्यातच ठरलं. कोण कुठे बसणार याचा कागद तिने भिंतीला लावला. दादाला ती दिवसातून चारदा विचारायची, "तू बोलतोस ना रे त्यात? मोजे किती होते ते सांगतोस ना?" दादा म्हणायचा, "आठवत नाही गं." "लाजतोय!" असं म्हणून ती त्याचा गाल ओढायची. सव्वीस वर्षांचा घोडा तो, गाल लाल करून उभा राहायचा.

आई-बाबांनाही उत्साह चढला होता, पण वेगळ्या तऱ्हेचा. बाबा उगाच शीळ घालत हिंडत होते. आईने शनिवारी घरातले सगळे पडदे धुतले, आणि रविवारी सकाळी पुन्हा धुवायला काढले. कुणी माहितीपटाचं नाव काढलं की दोघंही इतकी मोठ्याने हसायची की मला वाटलं, बघा, बिचाऱ्यांना किती आनंद झालाय. आपण हा आनंद मातीत घालणार म्हणून मला वाईटही वाटलं. जरासं.

रविवारी साडेअकराला घरात कुणी नाही असं बघून मी टीव्हीच्या मागे गेले, अँटेनाच्या केबलीचं टोक उघडलं, मधली तार नेलकटरने कापली आणि टोपण परत जसंच्या तसं बसवलं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. टीव्ही लागणार, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसणार. बाबा अँटेना बघायला गच्चीवर जाणार, तासभर तिथेच शोधणार, तेवढ्यात पाच वाजणार. मला स्वतःचाच हेवा वाटला.

पावणेचारला खोलीत सव्वीस माणसं होती. मी मोजली, कारण कप चोवीसच होते. मावशीने केस कापून घेतले होते आणि ती दाराशी उभी राहून प्रत्येकाला कागदावर जागा दाखवत होती. डॉक्टर पहिल्या रांगेत, आपल्याच खुर्चीत. दादा अगदी मधे, सगळ्यांना दिसेल असा. त्याचा चेहरा पाव भाजण्याआधीच्या पिठासारखा झाला होता. मी त्याला डोळा मारला. तो काही सावरला नाही.

चारला पाच कमी असताना बाबा उठले. बाबांनी बटण दाबलं.

काही नाही. मुंग्या नाहीत, आवाज नाही, लाल दिवाही नाही. टीव्ही ठार बंद.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच उडाला. हा बिघाड माझा नव्हता! मी आईकडे बघितलं. तीही पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. एकटे बाबा शांत होते. "अरेरे," ते म्हणाले, "जुना झाला हो. काय करणार? आज राहू दे. डॉक्टर, अजून चहा घ्या."

"राहू दे?" मावशी किंचाळली. "भावोजी, तुम्ही सगळ्या गल्लीचे टीव्ही दुरुस्त करता आणि तुमचाच बंद? चला सगळे! डॉक्टरांकडे चला वर! दवाखान्यात आहे टीव्ही!"

सव्वीसच्या सव्वीस माणसं उठली. खुर्च्या सरकल्या. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "थांबा, थांबा!" ते म्हणाले. "माझ्या घरातून माणसं उठून दुसऱ्याच्या टीव्हीसमोर बसणार? पाच मिनिटं द्या. उघडतो." त्यांनी इतक्या सावकाश पेचकस शोधला, इतक्या सावकाश एकेक स्क्रू काढला की मलाच चुळबुळ व्हायला लागली. मी बॅटरी धरून शेजारी बसले.

"काही दिसतंय?" डॉक्टर उठून आले.

"अवघड आहे," बाबा म्हणाले. "तास-दोन तास जातील."

डॉक्टरांनी खिशातून आपला दात बघायचा आरसा काढला. रविवारीही तो त्यांच्या खिशात असतो. आरसा बोर्डाजवळ नेला, मान वाकडी केली आणि म्हणाले, "मेकॅनिकसाहेब, इथे एक दात पडलाय."

फ्यूजची जागा रिकामी होती. चिमट्यात काहीच नाही.

"अरेच्चा," बाबा म्हणाले. सव्वीस माणसं बघतायत म्हटल्यावर दुसरं काय करणार? त्यांनी शर्टाच्या खिशातून फ्यूज काढला आणि बसवला.

"खिशात फ्यूज घेऊन फिरता?" डॉक्टरांनी विचारलं.

"धंदाच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचे खांदे उतरले. आता टीव्ही लागणार असंच त्यांना वाटत होतं. डोळे मिटून त्यांनी बटण दाबायची खूण केली.

पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ आली. बाकी सगळा काळोख.

"ही लढाई आहे?" मावशीने विचारलं.

"रेघ आहे ती," कुणीतरी म्हणालं.

"मग तो कुठेय यात? रेघेच्या वर की खाली?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी प्लग काढायला लावला, बोर्डाजवळ नाक नेलं आणि मला म्हणाले, "उजेड इकडे." चित्र उभं ताणणारा जो भाग असतो तिथे एका कपॅसिटरचा पाय वर उचललेला होता. सोल्डर सगळं ओढून घेतलेलं, भोक स्वच्छ, आजूबाजूला एक ठिपका नाही, जळल्याची खूण नाही. ते बघून बाबा थिजलेच. असं काम या घरात एकच माणूस करतो.

"अगं," त्यांनी टीव्हीवरून डोकं काढून हाक मारली, "जरा इकडे येतेस का? मला चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आई हात पुसत आली आणि टीव्हीच्या मागे बसली. आता मागे आम्ही तिघं, पुढे सगळी गल्ली. त्यांना आमच्या डोक्यांचे शेंडे तेवढे दिसत असणार.

"हे काय आहे?" बाबा कुजबुजले.

"फ्यूज कुठे होता?" आई कुजबुजली.

"मी आधी विचारलं."

"अहो, पण फ्यूज तुमच्या खिशात कसा?"

"तुला दिसू नये म्हणून!" बाबांचा आवाज चिरकला. "महिन्यापूर्वी त्या माहितीपटवाल्यांचा दुकानात फोन आला होता. तुमच्या मुलाचे आघाडीवरचे प्रसंग दाखवले तर चालेल ना, म्हणाले. मी म्हटलं, कसली आघाडी? तो भांडारात होता. ते हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुला कळलं असतं तर तुझा रक्तदाब..."

आईने कपाळावर हात मारला. "मला केव्हाचं माहीत आहे."

"काय?"

"त्याने बरोबर नेलेला छोटा रेडिओ परत आल्यावर मी साफ करायला उघडला होता. आत वाटीभर माती निघाली आणि तिच्यात लोखंडाची कपची, नखाएवढी. भांडारातल्या रेडिओत कुठून येणार? बॅटरीच्या इतकी जवळ घुसली होती." तिने बोटांनी अंतर दाखवलं. फार थोडं होतं. "मी काही बोलले नाही. त्याला वाटतंय मला ठाऊक नाही, त्यातच त्याचा जीव रमतोय. आज सगळ्यांसमोर कळलं असतं तर मान खाली घालून बसला असता माझा पोरगा. म्हणून मी पाय उचलला. दुपारी, धूळ पुसताना."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, तिने बाबांकडे. आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. तोंडावर हात दाबून, खांदे गदागदा हलवत दोघं हसत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?" पुढून मावशी ओरडली. "सापडलं का?"

"सापडलं!" बाबा ओरडले.

तेवढ्यात टीव्हीवरून दादाचं डोकं आत डोकावलं. पांढराफटक. "काय चाललंय?"

आईने वर बघितलं. "मोजे मोजत होतास काय रे?"

त्याला कळलं. तो एवढंच म्हणाला, "आई, तुझ्या गळ्याची शपथ मोडली मी."

"हात लाव," आई म्हणाली. त्याने टीव्हीवरून हात खाली घातला आणि तिने तो धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "आहे ना जागेवर? मग झालं. सरक आता, माझ्या उजेडात येतोयस."

"आई, नको ना लावूस. त्यात मी बरा दिसत नाही."

"तू कुठल्या फोटोत बरा दिसलास?" ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "तू दीड वर्ष जे बघितलंस ते मला तासभर बघू दे. मला बघायचंय."

कांडी तापायला दोन मिनिटं लागली, पाय जोडायला दोन सेकंद. प्लग लावला. पडद्यावर उजेड पसरला, वरपासून खालपर्यंत, आणि सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर मुंग्या होत्या.

आई आणि बाबा, दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"मी काही नाही केलं," मी म्हणाले.

आईने केबलीचं टोपण उघडलं, तुटलेली तार उजेडात धरली. "नेलकटर," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलंय तुला, तार नेलकटरने कापायची नाही म्हणून? टोक चेपतं."

"दादानेच सांगितलं होतं!"

"नेलकटरने काप म्हणून सांगितलं होतं?" बाबांनी विचारलं, आणि पुन्हा तिघंही हसत सुटलो. या वेळी दादाही हसला, टीव्हीवर ओणवा होऊन, इतका की टीव्हीच हलायला लागला आणि बाबांना तो धरावा लागला. पुढे बसलेल्यांना वाटलं असेल, या घराचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. महिनाभर आम्ही चौघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती!

चार वाजून एकोणीस मिनिटांनी चित्र लागलं. मी दिवा मालवला. आई दादाच्या शेजारी बसली, मावशीच्या कागदावर तिची जागा तिसऱ्या रांगेत होती तरी. सुरुवातीला लोक हसत होते, कारण पडद्यावरचे सैनिक एका मोज्यासाठी भांडत होते, आणि मावशी म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग दादा दिसला. लोकांनी "आला, आला!" असा गलका केला. दादाने मान खाली घातली. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

मग हळूहळू कुणी बोलेनासं झालं. पडद्यावर धूळ होती, कॅमेरा हलत होता, आणि कानठळ्या बसतील असा आवाज. माती उडाली. कोण कुठे आहे तेच कळेना. मग एका खड्ड्यात कुणीतरी पालथं पडलेलं दिसलं, डोक्यावर दोन्ही हात घेतलेलं. चेहरा दिसत नव्हता, पण आवाज आमच्या घरातल्या कुणालाही ओळखू आला असता. तो काही आज्ञा देत नव्हता, देवाला हाक मारत नव्हता. "आई," तो म्हणत होता. "आई! ए आई!" पुन्हा पुन्हा, न थांबता.

दादाने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"ओ," आई म्हणाली.

ती पडद्याकडे बघत होती. आवाज जराही चढवला नव्हता. आतल्या खोलीतून ती रोज देते तशीच ओ दिली. "आले रे बाळा," ती म्हणाली. "इथेच आहे."

दादा खुर्चीवरून खाली सरकला आणि सव्वीस माणसांसमोर त्याने तिच्या मांडीत तोंड खुपसलं.